गाडीची किल्ली हरवली किंवा बिघडली, तर काय करायचं?

किल्ली सापडत नाही म्हटल्यावर हात आपोआप मोबाइलकडे जातो आणि आपण जवळचा चाबीवाला शोधायला लागतो. तो फोन थोडा नंतर करा. आधी दोन गोष्टी नक्की करा: आपली किल्ली कोणत्या प्रकारची आहे, आणि दुसरी किल्ली घरात आहे का. एक चालू किल्ली हाताशी असेल तर नवी करून घेणं हे मापातलं काम आहे. एकही नसेल तर टोइंग, कागदपत्रं, कंपनीकडे मागणी आणि कितीतरी मोठं बिल, इतकं सगळं मागे लागतं. म्हणून ज्यांच्याकडे आज एकच किल्ली आहे त्यांना माझं पहिलं सांगणं हेच, की दुसरी आत्ताच करायला टाका.

इंदूरमध्ये हे मुद्दाम सांगावंसं वाटतं. पुण्या-नागपूरहून नोकरीसाठी आलेली आपली बरीच मंडळी इथे सेकंडहँड गाडीने सुरुवात करतात, आणि अशा गाडीबरोबर अनेकदा एकच किल्ली मिळते. विकणारा म्हणतो, "दूसरी घर पे पड़ी है भिया, भिजवा दूँगा." ती काही येत नाही. सौदा ठरतानाच दुसरी किल्ली मागा. नसेल तर नव्या किल्लीचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आधी किल्ली ओळखा

नुसत्या धातूची, आत काही नसलेली किल्ली आता जुन्या गाड्यांपुरतीच उरली आहे. तुमची तशी असेल तर फार वाचायची गरज नाही. रस्त्यावरचा कोणताही चांगला चाबीवाला समोरच कापून देईल.

दुसरा प्रकार फसवा आहे. दिसायला साधी किल्ली, डोकं प्लास्टिकचं, त्यावर बटण नाही. पण त्या प्लास्टिकमध्ये एक चिप असते. तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या भोकाभोवती तारेचं एक वेटोळं बसवलेलं असतं. किल्ली फिरवली की ते साधारण १२५ किलोहर्ट्‌झची लहर सोडतं, चिप त्याच लहरीवर जागी होते आणि आपली ओळख सांगते. ओळख जुळली तरच इंजिनाला इंधन आणि ठिणगी मिळते. या व्यवस्थेला इमोबिलायझर म्हणतात. मारुतीच्या गाड्यांत तिचं नाव आय-कॅट्स आहे. म्हणून नुसतं पातं कापून आणलेली डुप्लिकेट दार उघडते, इग्निशनमध्ये फिरतेसुद्धा, पण इंजिन एक तर चालूच होत नाही किंवा क्षणभर चालून बंद पडतं. त्या वेळी डॅशबोर्डवर किल्लीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा लुकलुकताना दिसेल. स्टार्टर, बॅटरी, पेट्रोल पंप असल्या तपासण्यांवर पैसे घालण्याआधी तो दिवा बघा.

तिसरी रिमोटची किल्ली, बटण दाबल्यावर पातं बाहेर येणारी किंवा स्थिर पात्याची. इथे एकाच कव्हरमध्ये दोन वेगळी कामं चालतात. दार उघडणारा रिमोट सेलवर चालतो आणि बहुतेक ४३३.९२ मेगाहर्ट्‌झवर गाडीशी बोलतो. इंजिनाला परवानगी देणारी चिप वेगळी असते, तिचा सेलशी संबंध नाही. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धं निदान घरीच होतं. रिमोट मेला पण गाडी चालू होते, तर सेल, बटण किंवा रिमोटचं सर्किट बघायचं. रिमोट चालतो पण गाडी चालू होत नाही, तर संशय चिपवर आणि इग्निशनभोवतीच्या वेटोळ्यावर घ्यायचा.

चौथी स्मार्ट किल्ली. ती खिशातच राहते, आपण स्टार्टचं बटण दाबतो. गाडी कमी वारंवारतेच्या लहरीने "कोण आहे?" विचारते आणि किल्ली रेडिओ लहरीने उत्तर देते.

याशिवाय एक उपरा रिमोट असतो. गाडीच्या बेस मॉडेलला ॲक्सेसरीच्या दुकानात सेंट्रल लॉक बसवून घेतलं की ऑटोकॉपसारख्या कंपनीचा रिमोट किल्लीच्या जुडग्यात लटकायला लागतो. त्याचा इमोबिलायझरशी काही संबंध नाही. तो हरवला तर कंपनीच्या वर्कशॉपमध्ये न जाता ॲक्सेसरीवाल्याकडेच जा. त्याच सिस्टिमचा नवा रिमोट जोडून मिळतो आणि स्वस्तात मिळतो.

बिघडली असेल तर: सेलपासून सुरुवात

घरातली दुसरी किल्ली घ्या आणि गाडीवर चालवून बघा. दुसरी नीट चालली तर दोष पहिल्या किल्लीत. दोन्ही एकदम गप्प झाल्या तर दोष बहुधा गाडीत: बॅटरी उतरलेली, फ्यूज गेलेला किंवा इग्निशनभोवतीचं वेटोळं खराब. या एका तपासणीने अनेकांचे नव्या किल्लीचे पैसे वाचतात.

मग सेल. तो साधारण दोन-तीन वर्षं टिकतो. पाच पावलांवरून दार उघडत नाही, अगदी जवळ जाऊन बटण दोनदा दाबावं लागतं, ही उतरत्या सेलची खूण. नवा आणताना जुन्यावरचा नंबर वाचा. सीआर २०३२ म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी; सीआर २०२५ तेवढाच रुंद पण २.५ मिलिमीटर जाड. दोन्ही ३ व्होल्टचेच, त्यामुळे दुकानदार "एकच आहे, बसेल" म्हणून दुसरा देतो. पातळ सेल आत हलतो, जाड सेल पत्र्याची पट्टी वाकवतो. मग किल्ली कधी चालते, कधी नाही, आणि आपण सर्किटला दोष देत बसतो. घड्याळाच्या बऱ्या दुकानातून, नावाजलेल्या कंपनीचा, पाकीटबंद सेल घ्या. मल्टिमीटर असेल तर नवा सेल ३ व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो. अधिक चिन्हाची बाजू कुठे होती ते उघडतानाच मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

काढलेला सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने असा सेल गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा आतून गंभीर भाजतं. तसा नुसता संशय आला तरी थांबून न बघता थेट इस्पितळात न्यायचं.

सेल बदलूनही बटण दाबताना टिक्‌ असा स्पर्श बोटाला लागत नसेल, तर खालचा मायक्रो स्विच झिजला आहे. हे काम चाबीवाल्यापेक्षा बारीक सोल्डरिंग करणाऱ्याचं. जेल रोडच्या मोबाइल बाजारात असे हात भरपूर आहेत. पण बोर्ड त्याच्या हातात देण्यापूर्वी पुढचा भाग वाचा.

कव्हर बदलताना चिप जपा

तुटलेल्या किल्लीचं नुसतं कव्हर बाजारात मिळतं आणि ते बदलणं अगदी रास्त आहे. मात्र जुनं कव्हर कचऱ्यात टाकण्याआधी ते उजेडात धरून प्रत्येक कोपरा बघा. बऱ्याच किल्ल्यांत इमोबिलायझरची चिप हिरव्या बोर्डावर नसते. पात्याच्या मुळाशी किंवा कव्हरच्या कडेला एक छोटा कप्पा असतो आणि त्यात ती खोचलेली असते: काळ्या पाचरीसारखा चपटा तुकडा, किंवा तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. कधी ती गोंदाने चिकटवलेली असते. बोर्ड आणि पातं नव्या कव्हरमध्ये जातं, चिप जुन्यात राहते आणि जुनं कव्हर फेकलं जातं. घरी आल्यावर दार उघडतं, गाडी चालू होत नाही.

काढताना पकडीने दाबू नका. काचेची नळी तडकली की संपली. कप्प्याच्या मागून टाचणीने हळूच ढकला, गोंद असेल तर कप्प्यासकट प्लास्टिक कापून घ्या. नव्या कव्हरमध्ये ती त्याच जागी आणि घट्ट बसली पाहिजे, कारण इग्निशनच्या वेटोळ्यापासून ती थोडी जरी लांब गेली तरी ओळख पटायला अडचण येते. दुकानात करून घेत असाल तर समोर उभे राहा आणि दुकान सोडण्याआधी गाडी चालू करून बघा.

पाण्यात गेलेल्या किल्लीबद्दलही इथेच सांगतो. रंगपंचमीच्या गेरीत, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यावर टँकरमधून रंगीत पाण्याचा मारा होतो, आणि पावसाळ्यात पाताळपाणीच्या धबधब्याच्या सहली असतातच. किल्ली भिजली तर बटणं दाबून बघू नका. सेल लगेच काढा, बोर्ड मोकळा करा, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या मऊ ब्रशने पुसा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. रंगाचं पाणी नुसत्या पाण्यापेक्षा वाईट, कारण वाळल्यावर त्यातला क्षार बोर्डावर बसून गंज धरतो. चिप बंदिस्त असल्यामुळे ती सहसा वाचते. गेरीला जाताना साधी स्पेअर किल्ली प्लास्टिकच्या पिशवीत घालून न्यावी आणि रिमोटवाली घरी ठेवावी, हे उत्तम.

स्मार्ट किल्लीचा सेल वाटेतच संपला तर घाबरण्यासारखं काही नाही. तिच्या पोटात एक छोटं धातूचं पातं लपवलेलं असतं, त्याने ड्रायव्हरचं दार उघडतं. दाराच्या हँडलवर किल्लीचं भोक दिसत नसेल तर ते एका टोपणाखाली असतं. आत बसल्यावर किल्ली ठरलेल्या जागी धरली की तिच्यातली चिप सेलशिवायही ओळखली जाते. काही गाड्यांत किल्लीनेच स्टार्टचं बटण दाबायचं, काहींत ती स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खुणेला टेकवायची, काहींत कन्सोलमध्ये खास खाच असते. तुमच्या गाडीत ती जागा कुठे आहे ते आज मॅन्युअलमधून बघून ठेवा.

हरवली, पण एक शिल्लक आहे

शोधून झालं असेल, रिक्षा, ऑफिस, छप्पन दुकानवरचा गल्ला सगळीकडे विचारून झालं असेल, तर पोलिसांत नोंद करा. नुसती हरवली असेल तर मध्य प्रदेश पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर हरवलेल्या वस्तूची नोंद ऑनलाइन करता येते. पर्स किंवा बॅग चोरली गेली आणि किल्ली त्यात होती, तर ठाण्यात जाऊन चोरीची तक्रारच द्या. त्या पावतीची प्रत पुढे वर्कशॉप आणि विमा कंपनी दोघंही मागतात.

मग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये जा. गाडी एमएच नंबरची असली किंवा दुसऱ्या शहरातल्या शोरूममधून घेतलेली असली तरी चालतं. मागणी १७ अक्षरी चेसिस नंबरावरून नोंदवली जाते. बरोबर आरसी, मालकाचं ओळखपत्र, पोलिसांतल्या नोंदीची प्रत आणि शिल्लक असलेली किल्ली न्या. आरसी डिजिलॉकरमधली असली तरी प्रिंट काढून ठेवा. गाडी वडिलांच्या नावावर असेल आणि ते नागपूरला असतील, तर त्यांचं सही केलेलं अधिकारपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत लागेल. हे कागद मागण्यात वर्कशॉपचा आडमुठेपणा नाही. न मागता किल्ली करून देणारं ठिकाण उद्या तुमच्या गाडीची किल्ली दुसऱ्यालाही करून देईल.

बऱ्याच गाड्यांच्या डिलिव्हरीच्या वेळी किल्लीबरोबर नंबर कोरलेला एक छोटा टॅग मिळतो. त्या नंबरावरून पातं मूळ मापाने कापता येतं. झिजलेल्या किल्लीवरून कापलेली नक्कल झिजेचीही नक्कल करते आणि कुलपात अडकते, म्हणून हा नंबर मोलाचा. टॅग घरात, आरसीच्या फाइलमध्ये ठेवा. तो जुडग्यालाच लावून फिरणारे मी पाहिले आहेत. तसं करणं म्हणजे किल्ली हरवताना तिचा नंबरही सापडणाऱ्याच्या हाती देणं. किल्लीचा फोटोही समाजमाध्यमांवर टाकू नका, पात्याच्या खाचा फोटोवरून वाचता येतात.

प्रोग्रामिंगच्या, म्हणजे नव्या किल्लीची ओळख गाडीत नोंदवण्याच्या दिवशी घरातल्या सगळ्या चालू किल्ल्या घेऊन जा. अनेक गाड्यांत नवी किल्ली जोडताना जुनी यादी पुसली जाते आणि त्या वेळी समोर असलेल्याच किल्ल्या पुन्हा नोंदवल्या जातात. घरी राहिलेली किल्ली त्या दिवसापासून गाडीला अनोळखी होते. हाच गुण आपल्या कामाचा आहे: हरवलेली किल्ली यादीतून काढून टाकायला स्पष्ट सांगा. आता गाडीला किती किल्ल्या ठाऊक आहेत, हा आकडा बऱ्याच गाड्यांत, गाडीला जोडलेल्या तपासणीच्या यंत्रावर म्हणजे स्कॅनरवर दिसतो. तो बघून घ्या. सेकंडहँड गाडी घेतलेल्यांनी तर किल्ली हरवलेली नसतानाही हे करावं.

एक मर्यादा लक्षात असू द्या. यादीतून काढलेल्या किल्लीने इंजिन चालू होणार नाही, पण तिचं पातं दार अजूनही उघडेल. किल्लीबरोबर घराचा पत्ता असलेला कागदही गेला असेल, तर दारांचं आणि इग्निशनचं कुलूप बदलण्याचा खर्च करण्यासारखा आहे.

चाबीवाला की वर्कशॉप?

इंदूरमध्ये स्कॅनर घेऊन काम करणारे चांगले चाबीवाले आहेत. वर्कशॉपमध्ये किल्ली कंपनीकडून मागवावी लागते, त्यात दिवस जातात. चाबीवाला बऱ्याच मॉडेलची किल्ली त्याच दिवशी करतो आणि कमी पैशांत करतो. गाडी वॉरंटीत असेल, स्मार्ट किल्ली असेल किंवा मॉडेल अगदी नवं असेल तर मी वर्कशॉपच निवडेन. वॉरंटी संपलेल्या, चिपच्या साध्या किल्लीसाठी चाबीवाल्याकडे जायला हरकत नाही.

त्याला एक प्रश्न नक्की विचारा: "भिया, क्लोन कर रहे हो या गाड़ी में नई चाबी जोड़ रहे हो?" क्लोन म्हणजे जुन्या चिपची ओळख नव्या चिपवर उतरवणं. गाडीला हात लावावा लागत नाही, काम झटपट होतं, पण गाडीच्या लेखी त्या दोन्ही किल्ल्या एकच असतात. पुढे एक हरवली आणि तुम्ही ती यादीतून काढायला गेलात, तर हातातलीही बंद पडते. जोडलेली किल्ली स्वतंत्र ओळखीची असते, ती एकटी काढता येते. थोडे जास्त पैसे पडले तरी जोडूनच घ्या. काम तुमच्यासमोर होऊ द्या, गाडी आणि किल्ली सोडून जाऊ नका, आणि बिल घ्या.

एकही किल्ली उरली नाही

गाडी जिथे उभी आहे ती जागा सुरक्षित आहे का, हा पहिला विचार. किल्ली चोरीला गेल्याची शंका असेल तर बाहेरून चाकाला जॅमर लावा किंवा गाडी उचलून न्या. उचलताना फ्लॅटबेड, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक मागवा. स्टिअरिंग लॉक झालेलं असतं, ऑटोमॅटिक गाडी पार्कमध्ये अडकलेली असते. दोराने ओढली तर गिअरबॉक्सचं नुकसान. तुमच्या विम्यात किंवा गाडीच्या वॉरंटीत रोडसाइड असिस्टन्स असेल तर आधी तिथे फोन करा, टोइंग त्यातच मिळण्याची शक्यता असते.

वर्कशॉप कंपनीकडून किल्ली आणि इमोबिलायझरचा सुरक्षा कोड मागवतं. काही मॉडेलना कुलपांचा पूर्ण संच बदलावा लागतो, काहींना इमोबिलायझरचं युनिटही. म्हणून काम सुरू होण्याआधी लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात काय काय बदलणार ते ओळीने लिहून मागा.

किल्ली आत राहून दार लागलं असेल तर ती किल्ली हरवलेली नाही. पट्टी, हँगर घालून दाराचं रबर फाडू नका. चाबीवाल्याकडे त्यासाठी हवेची पिशवी आणि आकडा असतो. पण आत लहान मूल असेल तर कोणाचीच वाट बघायची नाही. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशीच्या वर जातो आणि बंद गाडी त्याहून झपाट्याने तापते. मुलापासून सर्वांत लांबच्या खिडकीची काच कोपऱ्यात घाव घालून फोडा आणि दुसऱ्या कोणालातरी ११२ लावायला सांगा.

विम्याचं काम विसरू नका

गाडी चोरीला गेली तर दाव्याच्या वेळी विमा कंपनी गाडीच्या सगळ्या मूळ किल्ल्या मागते. एक किल्ली वर्षभरापूर्वी हरवली होती आणि त्याची कुठे नोंदच नाही, अशा वेळी दावा लटकतो. म्हणून किल्ली हरवल्याच्या आठवड्यातच पोलिसांतल्या नोंदीची प्रत जोडून विमा कंपनीला ईमेल करा, आणि नव्या किल्लीचं बिल त्याच फाइलमध्ये ठेवा.

साध्या सर्वंकष पॉलिसीत किल्लीचा खर्च मिळत नाही. त्यासाठी किल्लीचं वेगळं ॲड-ऑन घ्यावं लागतं. स्मार्ट किल्ली असेल तर ते घेण्यासारखं आहे. घेताना दोन ओळी शोधून वाचा: वर्षाला किती रकमेपर्यंत आणि किती वेळा मिळेल, आणि कुलूप बदलण्याचा खर्च त्यात धरला आहे का.

नवी किल्ली हातात आल्यावर

काउंटरवर पैसे देण्याआधी गाडीपाशी जा. पात्याने ड्रायव्हरचं दार बाहेरून उघडून-लावून बघा, रिमोटने तेच करा, मग डिकी. इंजिन चालू करून मिनिटभर चालू ठेवा आणि डॅशबोर्डवरचा इमोबिलायझरचा दिवा विझला आहे ना ते पाहा. हेच सगळं जुन्या किल्लीनेही एकदा करा, कारण प्रोग्रामिंगमध्ये तिची नोंद राहून गेली असेल तर ते इथेच कळलं पाहिजे. स्मार्ट किल्ली असेल तर ॲडव्हायझरला तिच्यातला सेल काढायला सांगा आणि सेलशिवाय गाडी चालू करून दाखवायला लावा. त्यानंतर बिलावर किल्लीचा पार्ट नंबर, चेसिस नंबर आणि किल्लीच्या वॉरंटीची मुदत लिहिली आहे का ते तपासून मगच सही करा.